पारंपरिक धनुष्यावर स्टॅबिलायझर आणि इतर जोडण्या लावताना या चुका टाळा

बाण सुटल्यावर मुठीत झटका बसतो, दोरी मोठ्याने वाजते, बाण लक्ष्यावर डावी-उजवीकडे पसरतात, अशा तक्रारी लाकडी रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) किंवा लाँगबो (लांब, साध्या वळणाचे धनुष्य) वापरणाऱ्या तिरंदाजाने मांडल्या की त्याला सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘स्टॅबिलायझर’, म्हणजे मुठीजवळ जोडायचा वजनाचा दांडा, ‘लावून पाहा’. यांपैकी पहिल्या दोन तक्रारींवर स्टॅबिलायझर हा खरा इलाज नाही, आणि तिसरीचे मूळ बहुतेक वेळा मुठीच्या पकडीत किंवा बाणाच्या निवडीत असते. नेम धरल्यापासून बाण दोरीवरून निघेपर्यंत धनुष्याला हलू आणि वळू न देणे, एवढेच स्टॅबिलायझरचे काम आहे. ते काम तो उत्तम करतो. मात्र त्याच्याकडून भलतेच काम करून घ्यायला गेल्यास धनुष्य विनाकारण जड होते आणि मूळ दोष तसाच राहतो.

बोटांतून सुटलेली दोरी साधारण १५ ते २० मिलिसेकंदांत बाणाला सोडून देते. पकडीतील मरोड आणि बोटांवरून दोरीचे बाजूला सरकणे बाणाच्या दिशेवर परिणाम करते ते याच अवधीत. हाताला जाणवणारी थरथर मात्र मुख्यतः बाण निघून गेल्यानंतरची असते. म्हणून थरथर शोषणाऱ्या रबरी डँपरने हाताला आराम मिळाला, तरी त्यामुळे बाण एकत्र पडू लागतील अशी अपेक्षा धरू नये. आराम आणि अचूकता या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि कोणती जोडणी कोणत्या गरजेसाठी घेत आहोत हे आधी स्पष्ट असावे.

मूळ दोष न शोधता वजन वाढवणे

झटका आणि आवाज यांची तपासणी ब्रेस हाइटपासून, म्हणजे चढवलेली दोरी आणि मुठीचा खोलगट भाग यांतील अंतरापासून सुरू करावी. लाकडी रिकर्व्हसाठी हे अंतर साधारण ७ ते ८.५ इंच आणि लाँगबोसाठी ६ ते ७.५ इंच असते; नेमकी मर्यादा धनुष्याच्या निर्मात्याने दिलेली असते आणि तीच पाळावी. दोरीला पीळ वाढवला की अंतर वाढते, पीळ कमी केला की ते घटते. दर वेळी तीन-चार पीळ बदलून काही बाण मारले, तर एका विशिष्ट अंतरावर धनुष्य स्पष्टपणे शांत होते. नवी दोरी सुरुवातीला ताणली जाते, त्यामुळे ती काही काळ चढवून ठेवल्यावर आणि थोडे बाण मारल्यावरच हे मोजमाप विश्वासार्ह ठरते.

त्यानंतर बाणाचे वजन पाहावे. पारंपरिक धनुष्यासाठी ताणाच्या दर पाउंडामागे ८ ते १० ग्रेन (बाणाचे वजन मोजण्याचे एकक) हे सुरक्षित प्रमाण मानले जाते. बोटांवर ४५ पाउंड ताण येत असेल, तर बाण ३६० ते ४५० ग्रेनचा असावा. फार हलका बाण धनुष्यातील ऊर्जा पुरेशी उचलत नाही, आणि उरलेली ऊर्जा पात्यांत (धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भुजांत), दोरीत आणि मुठीत थरथरत राहते. अशा वेळी मुठीजवळ २०० ग्रॅम वजन लावल्यास हाताला बसणारा झटका कमी वाटेल, परंतु पात्यांवर येणारा ताण तितकाच राहील. ही गोष्ट मला विशेष गंभीर वाटते, कारण धनुष्य देत असलेली सूचना आपण ऐकू येणार नाही इतकी मंद करून टाकतो.

बाण डावी-उजवीकडे पसरत असतील, तर पहिला संशय पकडीवर आणि दुसरा बाणाच्या ताठपणावर, म्हणजे स्पाइनवर घ्यावा. सर्व बाण एकाच बाजूला एकत्र पडत असतील, तर स्पाइनचा विचार करावा. दोन्ही बाजूंना विखुरत असतील, तर पकड किंवा बोटे सोडण्याची पद्धत दर वेळी बदलत आहे. या दुसऱ्या परिस्थितीत स्टॅबिलायझर थोडी मदत नक्की करतो. मात्र बाण सोडताच धनुष्य घट्ट पकडण्याची सवय असेल, तर पुढे लावलेल्या वजनाचा लाभ ती सवयच हिरावून घेते. धनुष्य पडेल या भीतीने बोटे आवळली जात असतील, तर आधी बोटांत किंवा मनगटात अडकवायची साधी दोरीची स्लिंग वापरून पाहावी. माझ्या मते पारंपरिक धनुष्यासाठी ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गुणकारी जोडणी आहे.

जड वजन, आखूड दांडा

वळण्याला होणारा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण मुठीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २०० ग्रॅमचे वजन मुठीपासून १२.५ सेंटिमीटरवर लावले आणि १०० ग्रॅमचे वजन २५ सेंटिमीटरवर लावले, तर धनुष्याला पुढे झुकवणारा भार दोन्ही वेळा सारखाच असतो. विरोध मात्र दुसऱ्या मांडणीत दुप्पट मिळतो, आणि हातावरचे वजन निम्मे होते. धनुष्याला अगदी चिकटवलेला जड गोळा धनुष्य स्थिर करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो जास्त करून खांदा थकवतो. सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात बाण खाली पडू लागले, तर वजन आपल्या ताकदीपेक्षा जास्त झाले आहे असे समजावे.

याचा अर्थ ऑलिंपिक रिकर्व्हवर असतो तसा ७०-७५ सेंटिमीटरचा दांडा लाकडी धनुष्यावर लावावा असा नाही. तिथे तो धातूच्या रायझरमध्ये, म्हणजे मुठीसकटच्या मधल्या न वाकणाऱ्या भागात, बसवलेला असतो. इथे त्या सर्व लांबीची तरफ लाकडात बसवलेल्या एका पितळी बुशिंगवर (आतून आटे असलेल्या नळीवर) जोर देते आणि वाहतुकीत बसलेला एखादा धक्काही ती लाकडापर्यंत पोहोचवते. बहुतेक पारंपरिक धनुष्यांसाठी १५ ते २५ सेंटिमीटरचा दांडा आणि टोकाला १०० ग्रॅमच्या आसपास वजन पुरेसे ठरते.

धनुष्य तिरके धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. समोर सरळ निघालेला दांडा धनुष्याचे डावी-उजवीकडे वळणे आणि वर-खाली झुकणे रोखतो. स्वतःच्याच अक्षाभोवती होणारे फिरणे, म्हणजे तिरकेपणातला बदल, तो जवळजवळ रोखत नाही. मुठीच्या खाली लावलेले वजन लंबकासारखे काम करते आणि धनुष्याला उभे करू पाहते. उभे धनुष्य धरणाऱ्याला याचा फायदा होतो. सवयीने १५-२० अंश तिरके धरणाऱ्याला मात्र प्रत्येक बाणाच्या वेळी त्या ओढीविरुद्ध मनगट रोखून धरावे लागते, आणि तिथूनच पकडीत नवी मरोड शिरते. अशा तिरंदाजाने खालचे वजन टाळावे किंवा अगदी हलके ठेवावे.

लाकडाशी खेळ

बुशिंग नसलेल्या लाकडी धनुष्याला घरी भोक पाडू नये. मुठीचा भाग आणि बाण बसतो तो कापलेला भाग हे आधीच निमुळते असतात, आणि तिथे लाकडाचे तंतू तोडले, तर धनुष्य ताणलेल्या अवस्थेत तडकू शकते. बुशिंग हवेच असेल, तर धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून योग्य जागी, इपॉक्सीने बसवून घ्यावे.

बुशिंग असलेल्या धनुष्यावर चूक होते ती स्क्रूच्या लांबीत. स्टॅबिलायझरच्या जोडणीसाठी ५/१६-२४ आटे प्रचलित आहेत; नेमसाधनासाठी किंवा भात्यासाठी असलेली लहान छिद्रे वेगळ्या आट्यांची असतात. आटे जुळत नसताना जोर लावला, तर पितळेचे आटे खराब होतात. स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल, तर तो बुशिंगच्या तळाला टेकतो आणि पुढचा प्रत्येक वेढा बुशिंगला लाकडातून बाहेर ओढू लागतो. एका जुन्या रिकर्व्हवर ‘अजून थोडे घट्ट’ करण्याच्या नादात मी बुशिंगभोवतीच्या लाकडात केसाएवढी चीर पाडली होती. तेव्हापासून स्क्रू लावण्यापूर्वी काडीने छिद्राची खोली मोजतो, आणि जोडणी व लाकूड यांच्यामध्ये चामड्याची पातळ चकती घालतो. थरथरीने स्क्रू सैल होत असेल, तर कमी ताकदीचा, पुन्हा उघडता येणारा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) एक थेंब पुरतो.

धनुष्यावर लावलेला भाता

भाता हीदेखील वजनाचीच जोडणी आहे, आणि तिचे वजन सराव चालू असतानाच बदलत जाते. ५०० ग्रेनचा बाण सुमारे ३२ ग्रॅमचा असतो. सहा बाण म्हणजे जवळपास १९५ ग्रॅम, तेही एका बाजूला. भरलेला भाता असताना जुळवलेले धनुष्य शेवटचा बाण मारताना वेगळे वागते आणि तिरंदाज आपल्याच तंत्राला दोष देत बसतो. त्यामुळे ज्या स्थितीत धनुष्य वापरायचे आहे त्याच स्थितीत, बाणांसह, जुळवणी करावी, आणि पहिल्या व शेवटच्या बाणात फरक दिसल्यास भाता कमरेला किंवा पाठीवर घ्यावा. पात्यांवर सरकवून बसवायचा भाता असेल, तर त्याच्या पकडी रायझरच्या अगदी जवळ, न वाकणाऱ्या भागात ठेवाव्यात. वाकणाऱ्या भागावर बसवलेली पकड पात्याची हालचाल बदलते आणि त्याच्या पृष्ठभागावर घासते.

दोरीवरील जोडण्या

दोरीच्या मध्याजवळचे वजन बाणाइतक्याच वेगाने धावते, टोकांजवळचे वजन तुलनेने फारच कमी हलते. त्यामुळे पितळी नॉकिंग पॉइंटऐवजी (दोरीवर बाण अडकवण्याची जागा दाखवणाऱ्या खुणेऐवजी) दोऱ्याने बांधलेला नॉकिंग पॉइंट वापरावा, आणि सायलेन्सर (दोरीचा आवाज कमी करणारे तुकडे) दोरीच्या टोकापासून साधारण एक चतुर्थांश अंतरावर ठेवावेत. वरचा आणि खालचा सायलेन्सर टोकांपासून थोड्या वेगळ्या अंतरावर ठेवल्यास दोरीचे कंपन अधिक चांगले मोडते. सायलेन्सर ओवताना दोरीचे पदर सारखे विभागावेत, आणि नंतर ब्रेस हाइट पुन्हा मोजावी. हा दुसरा भाग जवळजवळ सर्वजण विसरतात.

पात्यांच्या टोकांना मजबुती नसलेल्या जुन्या धनुष्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी लावू नये. तिथे अधिक ताणला जाणारा डॅक्रॉनचा धागाच योग्य आहे.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी

तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या, वर्ल्ड आर्चरीच्या, नियमांनुसार बेअरबो (नेमसाधनाशिवायच्या धनुष्याच्या) गटात स्टॅबिलायझरला परवानगी नाही. रायझरच्या खालच्या भागात वजने लावता येतात, मात्र ती दांड्याशिवाय थेट रायझरवर बसवावी लागतात, आणि दोरी उतरवलेले धनुष्य सर्व जोडण्यांसह १२.२ सेंटिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून जावे लागते. लाँगबो गटात स्टॅबिलायझर आणि वजने दोन्ही वर्ज्य आहेत. इतर संघटनांचे पारंपरिक गट आपापले नियम ठरवतात, म्हणून जोडणी विकत घेण्याआधी आपल्या गटाची चालू नियमावली वाचावी.

दोष शोधण्याची पद्धत

गुणगुणणारा आवाज येत असेल, तर चढवलेली दोरी बोटाने हलकेच छेडून ऐकावे आणि एकेक जोडणी काढत जावे. ज्या जोडणीबरोबर आवाज जातो तिचा स्क्रू किंवा रबर सैल झालेले असते. या तपासणीसाठी बाणाशिवाय दोरी ताणून सोडू नये, कारण तशा एकाच फटक्यात पाते फुटू शकते.

स्टॅबिलायझरचा उपयोग होतो की नाही हे ठरवताना एका वेळी एकच बदल करावा. १८ मीटरवरून तीन-तीन बाणांच्या सहा फेऱ्या वजनाशिवाय, मग तेवढ्याच फेऱ्या वजनासह आणि पुन्हा तेवढ्याच फेऱ्या वजनाशिवाय माराव्यात, आणि प्रत्येक फेरीतील सर्वांत दूर पडलेल्या दोन बाणांमधील अंतर वहीत लिहावे. तिसरी मालिका गाळू नये. नव्या वस्तूच्या उत्साहाने किंवा केवळ अंग मोकळे झाल्याने आलेली सुधारणा तिच्यातच उघडी पडते. हीच चाचणी वेगळ्या दिवशी, वजनासह फेरीपासून सुरुवात करून पुन्हा घ्यावी. दोन्ही दिवशी वजनासह मारलेले बाण जवळ पडले, तर ते ठेवावे. फरक दिसला नाही, तर ते काढून ठेवून पुन्हा ब्रेस हाइट, बाण आणि पकड यांच्याकडे वळावे.