टाइल अ‍ॅडहेसिव्ह किती लवचीक हवं, हे कसं ठरवायचं

अ‍ॅडहेसिव्ह घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, टाइल कुठली? प्रश्न बरोबरच आहे. पण लवचीकपणा ठरवताना त्याहून महत्त्वाचं असतं ते टाइल कशावर बसणार आणि ती जागा किती हलते, हे.

पुण्यातली गच्ची घ्या. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांच्या आसपास असलेला स्लॅब मेच्या दुपारी हात ठेवू देत नाही. फरक ४५ अंशांचा धरला तर ४ मीटर लांबीत काँक्रीट साधारण पावणेदोन मिलिमीटर वाढतं, व्हिट्रिफाइड टाइल मात्र सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर. त्यातच मेच्या संध्याकाळी वळीव कोसळला, तर वरची टाइल झटकन गार होऊन आकसते आणि खालचा स्लॅब अजून तापलेलाच असतो. ही सगळी ओढाताण मधल्या ३-४ मिलिमीटरच्या थराला सोसावी लागते. साधा सिमेंटचा माल कडक असतो, तो सोसत नाही. टाइल सुटते, ठोकली की पोकळ वाजते आणि पावसाळ्यात तिच्याखाली पाणी साठतं. लवचीक अ‍ॅडहेसिव्हमध्ये पॉलिमर जास्त असतं, त्यामुळे थर न तुटता थोडा वाकतो.

आधी जागा ओळखा. घरातली जमीन, कोबा जुना आणि घट्ट, ऊन नाही, अशा ठिकाणी लवचीकपणासाठी वेगळे पैसे घालवू नका. टाइलला शोभेल असं चांगल्या पकडीचं अ‍ॅडहेसिव्ह पुरतं. विटांच्या भिंतीवर नीट पाणी मारलेलं, सुकलेलं प्लास्टर असेल तर तिथेही तेच.

भिंत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची असेल, स्लॅब नवा असेल (नवं काँक्रीट सुकताना बरेच महिने आकसत राहतं), दुपारचं ऊन खाणारी बाल्कनी किंवा गच्ची असेल, किंवा घरातच २ बाय ४ फुटी किंवा त्याहून मोठ्या टाइल लावायच्या असतील, तर एस१ घ्या (एस१, एस२ हे लवचीकपणाचे वर्ग, एस२ जास्त लवचीक). पेठेतल्या जुन्या वाड्याची लाकडी माडी, प्लायवूड, इमारतीची बाहेरची भिंत, उन्हातल्या मोठ्या टाइल, इथे मी एस२च घ्यायला सांगेन. महाग पडतं, पण माडीवर चालताना फळ्या दबतात त्या रोजच दबणार आहेत.

मग गोणी वाचा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘फ्लेक्सी’ लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. मागे किंवा कडेला वर्ग छापलेला असतो. एस१ म्हणजे ३ मिलिमीटर जाडीची सुकलेली पट्टी तुटण्याआधी किमान २.५ मिलिमीटर वाकते. एस२ म्हणजे किमान ५ मिलिमीटर. एस छापलेलंच नसेल, तर लवचीकपणाची हमी नाही असं धरून चाला.

इथे एक गल्लत फार होते. युरोपीय वर्गवारीतलं एफ हे अक्षर लवकर सुकणाऱ्या मालासाठी आहे, लवचीकपणासाठी नाही. सी१ आणि सी२ हे पकडीचे वर्ग: सी१ ला ०.५, सी२ ला १ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर पकड लागते. टी म्हणजे भिंतीवरून न घसरणारं. ई म्हणजे पसरल्यावर जास्त वेळ ओलं राहणारं, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हे अक्षर खरोखर कामाला येतं. आपल्या आयएस १५४७७ या भारतीय मानकात टाइप १ ते ५ असे प्रकार आहेत आणि पुढे टी, एस१, एस२ जोडलेलं असतं. दुकानदाराला खात्री नसेल तर कंपनीची टेक्निकल डेटा शीट मागा. तारीखही बघा, पावसाळ्यात ठेवलेल्या गोणीत गाठी झालेल्या असतात.

पाया दुरुस्त करा. भिंतीत ओल असेल, प्लास्टर भुसभुशीत असेल किंवा स्लॅबला हलती भेग असेल, तर एस२सुद्धा वाचवणार नाही. वॉटरप्रूफिंगवर टाइल लावायची असेल तर दोन्ही मालांचं जमतं का, हे आधी विचारून घ्या.

लावताना उभं राहा. चांगला माल इथेच वाया जातो. पाणी गोणीवर लिहिलंय तेवढंच, मोजून घालायचं. कालवून झाल्यावर पाचेक मिनिटं ठेवून पुन्हा ढवळायचं. घट्ट झाला म्हणून वरून पाणी घालू द्यायचं नाही, त्याने पकड जाते. चार कोपऱ्यांना गोळे लावून टाइल दाबणं तर ठाम नाकारा: मधे पोकळी राहते आणि गोळ्यांवर सगळा ताण येतो. दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्यायचा. पसरलेल्या मालाला बोट लावून बघा. बोटाला काही चिकटलं नाही तर साय धरलीय. तो खरवडून टाकायला लावा. सुरुवातीला एक टाइल बसवून लगेच उचला, पाठ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. ३ मिलिमीटर थरात २० किलोची गोणी साधारण ४५ ते ५५ चौरस फूट जाते. त्याहून खूप जास्त गेली तर माल कुठे तरी कमी लागतोय.

सांधे सोडा. टाइल टाइलला चिकटवून लावली तर लवचीक थराचा उपयोग होत नाही. गच्चीवर सुमारे दर १० फुटांवर, घरात २० ते २५ फुटांवर आणि सगळीकडे भिंतीच्या कडेने मोकळा सांधा ठेवायचा. त्यात ग्राउट (सांध्यांत भरतात तो कडक होणारा माल) नाही, सीलंट (रबरासारखं लवचीक राहणारं) भरायचं. काम सुरू होण्याआधी हे सांधे खडूने आखून मिस्त्रीला दाखवा आणि सीलंटचा खर्च त्याच वेळी मजुरीत बोलून घ्या.