आईच्या पासपोर्टातलं कोरं आडनाव

गुहागरहून आईला दुबईला भावाकडे पाठवायचं होतं. व्हिजिट व्हिसाचा अर्ज भरताना एजंटने पासपोर्ट पाहिला आणि थांबला. नावाच्या रकान्यात एकच शब्द, आडनावाची जागा कोरी. नोव्हेंबर 2022 पासून यूएई, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तो देश, अशा एकेरी नावावर व्हिजिट व्हिसा मान्य करत नाही. रहिवासी व्हिसावाल्यांना सवलत आहे, पण तिचा आम्हाला काय उपयोग?

आईचं म्हणणं, "सोयरीक जुळवतायत काय, आडनाव विचारायला!"

उपाय म्हणजे पासपोर्ट सेवा पोर्टलवर रीइश्यूचा, म्हणजे पासपोर्ट नव्याने काढून घेण्याचा अर्ज. कारण निवडायचं ते वैयक्तिक तपशिलातल्या बदलाचं. छत्तीस पानी पुस्तिकेची साधी फी 1,500 रुपये, तत्काळला वर 2,000. आधी आधार तपासलं ते बरं झालं. त्यावर आडनाव होतं, पण स्पेलिंग बँकेच्या पासबुकापेक्षा वेगळं, एका 'एच'चा फरक. ते आधी दुरुस्त करून घेतलं, मग पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ घेतली. जुना पासपोर्ट आणि मूळ कागद सोबत नेले. पोलीस पडताळणीला हवालदार आले तेव्हा आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. त्याच हातांनी सही केली, कागदावर लाल बोट उमटलं. चाललं.

नवा पासपोर्ट आल्यावर व्हिसा सहज झाला. तिकीट मात्र पासपोर्टातल्या स्पेलिंगनेच काढा. आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांत ट्रामाडॉल हे वेदनाशामक होतं. ते तिकडे नियंत्रित औषध, म्हणून डॉक्टरांकडून बदलून घेतलं.