गेम बार उडवला, तरी गेम अडकतोच? या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. पुण्यात कर्वेनगरला बहिणीकडे आमरस-पुरी चापून जरा आडवं व्हावं म्हटलं, तर भाचा लॅपटॉप घेऊन उशाशी हजर. "मामा, गेम अडकतोय. विंडोजचा तो गेम बार पण काढून टाकला, तरी अडकतोय."

काढून टाकला म्हणजे? कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायच्या खिडकीत, एक ओळ चिकटवली होती आणि गेम बार मुळासकट उपटला होता. त्याचा प्रसाद असा, की कंट्रोलरचं मधलं बटण चुकून दाबलं गेलं की खेळाच्या मध्येच खिडकी उघडायची: ही 'एमएस-गेमिंगओव्हरले' लिंक उघडण्यासाठी नवीन अॅप लागेल. म्हणजे अडकणं होतं तसंच, वर ही नवी कटकट.

बंद करणं वेगळं, उपटणं वेगळं

ओव्हरले म्हणजे गेमच्या चित्रावर चढवलेला आणखी एक थर. विंडोजचा गेम बार हा त्यातलाच एक. विंडोज की आणि जी एकत्र दाबलं की तो उघडतो, उरलेला वेळ बहुधा गप्प असतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, गेमिंग, गेम बार इथे गेलं की कंट्रोलरने गेम बार उघडू द्यायचा का, एवढाच एक खटका दिसतो. तो बंद केला की पुष्कळ जणांना वाटतं, काम फत्ते. पण त्याने फक्त कंट्रोलरचं बटण सुटतं, कीबोर्डवरून गेम बार उघडतोच.

त्याने पार्श्वभूमीला अजिबात चालू नये असं वाटत असेल, तर सेटिंग्ज, अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्स अशी वाट धरा. यादीत गेम बार सापडला की शेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा आणि बॅकग्राउंड परवानगी 'नेव्हर' करून टाका. उद्या गरज पडली तर तिथेच परत सुरू करता येतं. भाच्यासारखा आधीच उपटून बसला असाल, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून गेम बार पुन्हा टाका, ती खिडकी येणं थांबतं.

एका गटाने तर तो उपटूच नये. रायझेन ९ ७९५०एक्स३डीसारख्या प्रोसेसरमध्ये कोअरचे (हिशेब करणाऱ्या भागांचे) दोन गट असतात आणि जादा कॅशे (हाताशी असलेली झटपट मेमरी) त्यातल्या एकाच गटाला असते. समोर गेम चालू आहे हे विंडोजला गेम बारमुळे कळतं आणि मग खेळाचं काम त्या कॅशेवाल्या गटाकडे ठेवलं जातं. अशा मशीनवर वेग वाढावा म्हणून गेम बार काढणं म्हणजे बसायच्या फांदीवरच कुऱ्हाड.

चोर सोडून संन्याशाला फाशी

आता भाच्याचं खरं दुखणं. गेम पाचेक मिनिटं चालू दिला आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू (ग्राफिक्सची चिप) निवडलं की छोटे छोटे आलेख दिसतात. त्यातल्या एकाचं नाव 'व्हिडिओ एन्कोड', म्हणजे व्हिडिओ बनवण्याचं काम. नुसता गेम चालू असेल तर ही रेघ सहसा तळाशी झोपलेली असते. आमची रेघ मात्र एकसारखी वर-खाली नाचत होती. गेम बार मशीनवर नाही आणि तरी कोणीतरी व्हिडिओ बनवतंय!

कोण, ते शोधायला फार वेळ लागला नाही. ऑल्ट आणि झेड दाबलं की एनव्हिडियाचा ओव्हरले उघडतो, तिथे 'इन्स्टंट रिप्ले' (खेळाचा नुकताच गेलेला भाग सेव्ह करायची सोय) चालू होतं. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांना शॉट दाखवायला साहेबांनीच ते सुरू केलं होतं आणि विसरले होते. शिवाय स्टीम या गेम विकत घ्यायच्या-खेळायच्या अॅपमध्ये गेम रेकॉर्डिंग 'बॅकग्राउंड'वर. एकाच खेळाचं शूटिंग दोन कॅमेरामन करत होते आणि फाशी मात्र तिसऱ्यालाच झाली होती.

"मागची ३० सेकंदं सेव्ह करा" ही सोय ऐकायला गोड वाटते. पण मागची ३० सेकंदं कधीही हाताशी हवी असतील, तर रेकॉर्डिंग सतत चालूच ठेवावं लागतं. हल्लीच्या ग्राफिक्स कार्डात त्यासाठी वेगळा भाग असतो, म्हणून चांगल्या मशीनला त्याचं फारसं ओझं होत नाही. साध्या लॅपटॉपला होतं, त्यातून मे महिन्यात पंख्याखाली बसून खेळताना तर जास्तच. एक रेकॉर्डर ठेवा, बाकीचे बंद करा. विंडोजचं हे रेकॉर्डिंग सेटिंग्ज, गेमिंग, कॅप्चर्समध्ये 'रेकॉर्ड व्हॉट हॅपन्ड' या नावाने सापडेल. विंडोज १० मध्ये शब्द थोडे निराळे आहेत, जागा तीच. त्याच पानावर बॅटरीवर असताना रेकॉर्ड करायचं का, हाही खटका असतो. तो बंदच ठेवा. गुरुवारी लाईट जाते तेव्हा आधीच लॅपटॉप हात आखडता घेतो, त्यात हे ओझं कशाला?

एनव्हिडिया अॅपमध्ये आणखी एक गोष्ट तपासा: 'गेम फिल्टर्स आणि फोटो मोड'. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी होण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा खुद्द कंपनीने ते बंद करून गेम पुन्हा सुरू करायला सांगितलं होतं. जे वापरतच नाही, ते तसंही चालू कशाला ठेवायचं?

गेम मोडला हात लावू नका

नावं सारखी, म्हणून लोक गेम मोडही बंद करतात. तो ओव्हरले नाहीच. २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आलेली ही सोय खेळ चालू असताना विंडोज अपडेटला ड्रायव्हर टाकण्यापासून आणि रीस्टार्टच्या सूचना देण्यापासून रोखते. चालू राहू दे. आणि एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम, त्या आकड्याच्या) हव्यासापायी अँटीव्हायरस बंद करायला सांगणारा कोणी भेटला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

स्टीम, डिस्कॉर्ड वगैरे

स्टीमचा ओव्हरले शिफ्ट आणि टॅबने उघडतो. तो एकाच गेमपुरता बंद करता येतो: लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल. मात्र मित्राचं आमंत्रण खेळता खेळता स्वीकारायची सवय असेल, तर त्याची आठवण येईल. डिस्कॉर्ड या खेळता खेळता बोलायच्या अॅपचा ओव्हरले घालवला तर कोण बोलतंय ती नावं स्क्रीनवरून जातात, बोलणं चालूच राहतं. एफपीएसचा आकडा दाखवणारी दोन-दोन साधनं एकदम लावलेली असतील, तर एक काढा. एकमेकांवर चढलेल्या ओव्हरलेंमुळे कधी कधी गेमची स्क्रीनच काळी पडते.

सगळं एका दमात बंद करणं हीदेखील चूकच. मग नेमकं कशाने बरं वाटलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक गोष्ट बंद करा, त्याच गेमचा तोच भाग दहा मिनिटं खेळा, आकडा बघा, मग पुढची.

आणि सुरुवातीलाच विचारायचा प्रश्न: चित्र अडकतंय, की पिंग (नेटवरून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढतोय? आपल्याकडे दोन्हीला "लॅग"च म्हणतात. शत्रू एकदम गायब होऊन भलतीकडे उगवत असेल आणि फ्रेम मात्र पूर्ण मिळत असतील, तर दोष नेटकडे बघून शोधा. पेठेतल्या जुन्या वाड्यात जाड भिंतीपलीकडे राउटर ठेवून इकडे ओव्हरले बंद करत बसलं, तर काय होणार? लॅनची केबल ओढा.

भाच्याचा गेम सुरळीत झाला, तेव्हा चार वाजले होते. इन्स्टंट रिप्ले गेलं, स्टीमचं रेकॉर्डिंग त्याने ठेवलं. मी गेम बार स्टोअरमधून परत टाकत होतो, तर तो कुरकुरला, "आता तो कशाला?" आतून भाचीचा आवाज आला, "माझ्या प्रेझेंटेशनचं रेकॉर्डिंग त्यावरच करायचंय!" एका अॅपची खिडकी रेकॉर्ड करायला गेम बार उत्तम चालतो, डेस्कटॉप मात्र तो रेकॉर्ड करत नाही, हे तिला दोनदा बजावलं आणि चहा मागवला.