पाय मोठा, बोर्ड अरुंद: पहिला स्नोबोर्ड घेताना या चुका टाळा

मोठ्या पायाचा नवशिका बोर्ड घ्यायला निघाला की प्रश्न ठरलेला असतो: "उंची सहा फूट दोन इंच, किती लांबीचा घेऊ?" पायाचं माप विचारा, उत्तर येतं "बारा". अमेरिकन बारा की ब्रिटिश बारा, हे त्याला बूट उलटा करून बघावं लागतं. तोवर बोर्डवरचं चित्र मात्र पसंत करून झालेलं असतं.

पाय मोठा असला की लांबीचा प्रश्न मागे पडतो आणि रुंदीचा पुढे येतो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तरी शिकणाऱ्याला कळतही नाही. रुंदी एका सेंटिमीटरने चुकली, तर मात्र "माझा तोलच नीट नाही" म्हणून स्वतःला दोष देत बसाल. त्याच त्या चुका बघून वैताग आला, म्हणून हे लिहितोय.

आधी बोर्ड, मग बूट

आधी कळस मग पाया असा हा प्रकार, आणि पुढच्या निम्म्या चुका यातूनच निघतात. बोर्ड देखणा असतो, भिंतीला टेकवून फोटो काढता येतो. बुटाचा फोटो कोण काढणार? म्हणून बोर्ड घरी आधी येतो. पण बोर्ड किती रुंद हवा हे बूट ठरवतो आणि बूट किती मोठा हवा हे पाय.

पाय मोजायची माझी रीत साधी आहे. संध्याकाळी, अनवाणी, टाच भिंतीला चिकटवून, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहायचं. सगळ्यात लांब बोटापुढे जमिनीवर खूण करायची. ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजायचे, मोठा धरायचा. सेंटिमीटरमधला हा आकडा म्हणजे तुमचा मोंडोपॉइंट, आणि स्नोबोर्डच्या बुटांवर मापं त्यातही दिलेली असतात. पुरुषांच्या बुटांत २९ म्हणजे साधारण अमेरिकन ११, ३० म्हणजे १२, ३१ म्हणजे १३. रोजच्या बुटाचा नंबर विसरा. तो ऐसपैस घेतलेला असतो. १२ नंबरच्या स्नीकरमधला पाय प्रत्यक्षात २९ सेंटिमीटरचा निघाला तर नवल वाटून घेऊ नका.

आता बूट. मोठ्या पायाच्या माणसाला जन्मभर बूट चावलेले असतात. त्यामुळे ढगळ बूट पायात गेला की त्याला हायसं वाटतं आणि तो तिथेच व्यवहार उरकतो. करू नका. नवा स्नोबोर्ड बूट घट्टच लागला पाहिजे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की जराशी मागे यावीत, आणि टाच काही केल्या वर उठू नये. आतला लायनर, म्हणजे मऊ अस्तर, वापरून वापरून दबतो, बूट आपोआप सैल होतो. आजच सैल असेल तर महिन्याभराने आत पाय पोहायला लागेल. दोन-दोन मोजे घालून ती जागा भरणारेही भेटतात. मोजा एकच, पातळ, आणि सुती नको, कारण सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि पाय गारठतो.

ढगळ बुटाचा दुसरा तोटा असा, की तो बाहेरूनही लांब असतो. बुटाची बाहेरची लांबी पायापेक्षा तीनेक सेंटिमीटर जास्त भरते आणि हा फरक प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असतो. काही बुटांचा बाहेरचा साचा मुद्दाम आखूड केलेला असतो. आत ३० चा पाय मावतो, बाहेरून बूट एक नंबर लहान असल्यासारखा. मोठ्या पायाच्या माणसाने खिशात टेप ठेवावा आणि दुकानात बूट मोजावेत. लोक बघतील. बघू देत.

वेस्ट न बघता बोर्ड उचलणं

वेस्ट म्हणजे बोर्डची मधली, सगळ्यात अरुंद जागा. तिची रुंदी मिलिमीटरमध्ये बोर्डच्या माहितीत दिलेली असते आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. पुरुषांचे नेहमीचे बोर्ड साधारण २४५ ते २५५ असतात. वाइड बोर्ड २६० च्या आसपास सुरू होतात. लांबीच्या आकड्यामागे डब्ल्यू लावलेला असतो, जसं १५८डब्ल्यू.

आमच्या गटात एक चांगला उंच मुलगा होता. पाय ३१ चा, बुटाची बाहेरची लांबी ३४ सेंटिमीटर. बोर्ड त्याने आधीच घेऊन ठेवलेला, वेस्ट २५०. सुरुवातीच्या सपाट उतारावर त्याचं छान चाललं होतं, कारण तिथे बोर्ड एजवर, म्हणजे कडेच्या धातूच्या धारेवर, फारसा कलतच नाही. जरा तीव्र उतारावर नेला आणि प्रत्येक टो-साइड वळणावर (बोटांकडच्या कडेवर जोर देऊन घेतलेल्या) पडायला लागला. तेही कसा, तर वळण अर्धं होईपर्यंत सगळं ठीक, मग एज एकदम सुटायची, बोर्ड आडवा घसरायचा आणि हा छातीवर. इन्स्ट्रक्टर सांगत होता, गुडघे वाकव, घाबरू नकोस, एजवर भरवसा ठेव. तो गुडघे आणखी वाकवायचा, बोर्ड आणखी कलवायचा आणि आणखी जोरात पडायचा. सांगितलेलं तो प्रामाणिकपणे करत होता, म्हणूनच पडत होता.

मी त्याच्या मागून खाली गेलो आणि बर्फावरची खूण पाहिली. एजची बारीक रेघ होती, आणि तिच्या शेजारी चार-पाच बोटांवर दुसरी, जाड, तुटक, ओरबाडल्यासारखी. ती बुटाच्या पुढच्या टोकाची होती. बुटाच्या रबरी नाकाखाली बर्फ ठासून बसला होता. बोर्ड कलला की बूट बर्फात रुतायचा आणि एजला उचलून फेकायचा. याला टो ड्रॅग म्हणतात. टाचेकडून झालं की हील ड्रॅग, आणि त्यात माणूस माकडहाडावर बसतो.

जेवणानंतर त्याच्यासाठी भाड्याने २६७ वेस्टचा बोर्ड आणला. त्यानंतरही तो पडला, पण सगळे पडतात तसा: वळायला घाई केली म्हणून, खाली पायाकडे बघितलं म्हणून. टो-साइडची ती चमत्कारिक सुटी एज पुन्हा दिसली नाही. सकाळी मात्र तो हा खेळ सोडायच्या गोष्टी करत होता.

तुमच्यासाठी ढोबळ आकडे असे. पाय २८ किंवा कमी असेल तर नेहमीचा बोर्ड बहुधा चालतो. २९ ला २५७ ते २६२ बघा. ३० ला २६० ते २६५, ३१ ला २६५ ते २७०, आणि ३२ च्या पुढे २७० च्या वरचेच शोधा. कमी मिळतात, पण मिळतात. बूट बाहेरून आखूड असेल तर दोन-चार मिलिमीटर सवलत. बाइंडिंग (बूट बोर्डला जखडून ठेवणारे साचे) लागतात तिथे बोर्ड वेस्टपेक्षा साधारण सेंटिमीटरभर रुंद असतो, त्यामुळे आकडा बघून घाबरायचं कारण नाही. बूट दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर यायलाच हवा, नाहीतर एजवर जोर पोहोचत नाही. दीड-दोन सेंटिमीटर बाहेर असेल तर मी काही बोलत नाही. तीनच्या पुढे बोलतो.

याच्या उलटंही होतं. घाबरून कोणी २९ च्या पायाला २७५ चा बोर्ड घेतं. मग एका एजवरून दुसरीवर जायला इतकी ताकद लागते, की दुपारपर्यंत पोटऱ्या आणि तळवे भरून येतात. तो बोर्ड वळत नाही, त्याला वळवावा लागतो.

बाइंडिंग मधोमध नसणं

बोर्ड बरोबर, बूट बरोबर आणि तरी ड्रॅग, असं दिसलं की मी आधी बाइंडिंग बघतो. बहुतेक वेळा टाच एजच्या अगदी जवळ असते आणि सगळा जास्तीचा भाग बोटांकडे बाहेर. नवशिक्याला वाटतं, कारखान्यातून आलं ते बरोबरच असणार. कारखान्याला तुमचा पाय माहीत नसतो.

माझी सवय अशी. बूट बाइंडिंगमध्ये घालून स्ट्रॅप पूर्ण आवळायचे, मग बोर्ड उलटा करून टाचेकडे आणि बोटांकडे बूट किती बाहेर येतो ते टेपने मोजायचं. फरक असेल तर हीलकप, म्हणजे टाचेमागची कमान, मागे-पुढे करायचा. बऱ्याच बाइंडिंगमध्ये तो सरकतो. तेवढ्याने भागलं नाही तर मधली गोल डिस्क काढून ९० अंशांत फिरवायची, म्हणजे तिच्या खाचा आडव्या होतात आणि अख्खं बाइंडिंग टाच-बोटांच्या दिशेने सरकवता येतं. हे पुष्कळांना माहीतच नसतं. पुढचा टो रॅम्पही (बोटांखालचा उतरता आधार) बुटाच्या लांबीप्रमाणे बाहेर ओढून घ्या, पण एजच्या फार पुढे नको, नाहीतर बुटाऐवजी तोच बर्फात घासेल.

नंतरची परीक्षा गालिच्यावर. बूट अडकवलेला बोर्ड टो एजवर उभा करायचा आणि हळूहळू कलवत जायचं. ४५ अंशांच्या आत बूट जमिनीला टेकला तर ती जुळणी मला मान्य नाही. ६० च्या आसपास टेकला तर खुशाल निघा. मऊ बर्फात एज आत रुतते आणि बूट याहून लवकर टेकतो, हे धरून चला.

बाइंडिंगचा साइजही बुटाच्या साइजवरून घ्या, अंदाजाने नको. मीडियम बाइंडिंगमध्ये १२ नंबरचा बूट दाबून बसवणारे आणि मग रॅचेटचे (पट्टा आवळणाऱ्या खिट्टीचे) दात मोडले म्हणून कंपनीला शिव्या घालणारे खूप आहेत. स्क्रूसाठी तीन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर वापरा. घरातल्या दोन नंबरने डोकं गुळगुळीत होतं.

पळवाटा

"बाइंडिंग जास्त तिरकी केली की झालं." गणित करून बघा. ३४ सेंटिमीटरचा बूट १५ अंशांत फिरवला की आडवी लांबी सेंटिमीटरभरच कमी होते. चार-साडेचार सेंटिमीटर वाचवायचे तर ३० अंश लागतात, आणि दोन्ही पाय विरुद्ध दिशांना तेवढे फिरवलेत तर गुडघे काही दिवसांत तक्रार करतील. पुढचा पाय १५ आणि मागचा उणे ९ ते १२ अंश (उणे म्हणजे उलट्या दिशेने), शिकायला एवढं पुरे.

बाइंडिंगखाली रायझर, म्हणजे जाड चकती, घालून बूट उंच करता येतो. चालतं, पण बोर्ड नवा घ्यायचाच आहे तर बरोबर रुंदीचा घ्या ना.

बाकीच्या, थोडक्यात

लांबी हनुवटीवर मोजू नका. ती वजनावरून ठरते आणि प्रत्येक मॉडेलचा वजनाचा तक्ता असतो. वाइड बोर्डचा पृष्ठभाग जास्त, म्हणून दोन-तीन सेंटिमीटर आखूड घेतला तरी चालतो.

वजन ६० किलो आणि पाय ३० चा, अशांची खरी अडचण होते, कारण वाइड बोर्ड बहुतेक भारी माणसांसाठी लांब आणि कडक बनवलेले असतात. त्यांनी मुद्दाम आखूड आणि रुंद बनवलेले बोर्ड बघावेत आणि फ्लेक्स, म्हणजे बोर्डची लवचिकता, मऊ निवडावा.

बायकांच्या बोर्डची वेस्ट आणखी अरुंद असते. पाय २७ च्या वर असेल तर पुरुषांच्या रांगेत बिनधास्त बघा, बोर्डला फरक पडत नाही.

पूर्ण कॅम्बरचा (मध्ये कमानीसारखा उचललेला) कडक बोर्ड "पुढे उपयोगी पडेल" म्हणून घेऊ नका. सपाट किंवा थोड्या रॉकरचा (टोकं वर वळलेला), मऊ ते मध्यम फ्लेक्सचा घ्या. पुढचं पुढे.

जुना बोर्ड घेत असाल तर एजला बोट लावत कडेने पूर्ण फिरा. एज कुठे उचकटलेली, साइडवॉल (बाजूची भिंत) सुटलेली किंवा बेसमध्ये (खालच्या पृष्ठभागात) लाकूड दिसेल इतकी खोल खाच दिसली, तर स्वस्त असला तरी ठेवून द्या. रुंदीचा आकडा पुसला गेला असेल तर टेपने मधोमध मोजा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

आणि शक्य असेल तर विकत घेण्याआधी दोन वेगवेगळ्या वेस्टचे बोर्ड भाड्याने घेऊन बघा. भाड्याच्या काउंटरवर उंचीच्या आधी मोंडो आणि वजन सांगा, नाहीतर हाताला येईल तो बोर्ड पुढे सरकवतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर बाइंडिंगचे स्क्रू पुन्हा आवळा, कारण नव्याने बसवलेले स्क्रू थोडे सैल होतात आणि ते उतारावरच कळतं.