ग्रामरोजगार सेवक म्हणून लागताय? आधी पोच द्यायला शिका

2018 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात ग्रामसभेतनं माझी ग्रामरोजगार सेवक म्हणून, म्हणजे गावातली रोजगार हमीची कामं बघायला, नेमणूक झाली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मी जी चूक केली ती नवीन पोरापोरींनी करू नये म्हणून लिहितोय. ऊसतोड संपली होती, भांगलणही नव्हती, तेव्हा गावातल्या 9 बायका ग्रामपंचायतीत आल्या, म्हणाल्या दादा नावं लिहून घे, कुठलंबी काम असूदे. मी वहीत नावं लिहिली, बघतो म्हटलं आणि त्या घरी गेल्या. पाणंदीच्या कामाची मंजुरी रखडली, दीड महिना गेला, काम न मिळाल्याच्या भत्त्याचं विचारायला गेलो तर एकच प्रश्न, मागणीची तारीख कुठाय? माझ्याकडं नुसती वही.

तेव्हा लागू असलेल्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यात (मनरेगा) सगळं त्या तारखेवर अडून होतं. नमुना 4, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून काम मागितलं की 15 दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेरोजगार भत्ता, पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि पुढं किमान निम्मा. तेव्हा मजुरी 203 रुपये होती म्हणजे भत्ता दिवसाला पन्नासेक रुपये, पण हातात काहीच नसलेल्या घरात तेवढ्यात तेलमीठ येतं हो, आणि ते माझ्या आळसामुळं बुडालं.

त्या कायद्यात मजुरालाही अटी होत्या, अशा अटी पहिल्या दिवशीच समजावून सांगा. काम निघाल्यावर 15 दिवसांत हजर झालं नाही किंवा परवानगीशिवाय महिन्यात आठवड्यापेक्षा जास्त खाडे झाले तर 3 महिने भत्ता बंद. पण काम मागायचा हक्क जात नाही, हे कोणी सांगत नाही आणि बायकांना वाटतं जॉबकार्डच रद्द झालं, मग त्या परत फिरकतच नाहीत. आणि हजेरी लागली म्हणजे पूर्ण पैसे असंही नाही, मजुरी केलेल्या कामाच्या मोजमापावर निघते, त्यामुळं कडक मुरूम लागून खोदाई कमी निघाली तर मोजणीच्या आधीच इंजिनिअरला दाखवा, खड्डा बुजल्यावर कोण मानणार?

1965 ला शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी रोजगार हमीचा प्रयोग केला, तिथनंच 'मागेल त्याला काम' सुरू झालं. कामाचे दिवस, मजुरीचे दर, हजेरीचं ॲप, कायदासुद्धा बदलत राहतो, तेवढे नवीन आदेश वाचत जा.

पुढच्या वर्षी त्या 9 बायकांतल्याच एका मावशीचा अर्ज भरला, अंगठा घेतला आणि तारीख, सही, शिक्का मारून पोच दिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी शिक्क्यावर बोट फिरवून म्हणाली, गेल्या साली हेच न्हवतं न्हवं? चार घड्या घालून चंचीत ठेवली. तेराव्या दिवशी रोपवाटिकेवर काम निघालं.