फोर्स फीडबॅक व्हील घेतलंय? मग आधी हात सैल सोडा

कंट्रोलरवर बरीच वर्षं रेसिंग गेम खेळून माणूस व्हीलकडे, म्हणजे गेमसाठीच्या स्टिअरिंगकडे वळतो, तेव्हा आता आपले लॅप टाइम (ट्रॅकच्या एका फेरीची वेळ) धडाधड खाली येणार अशी त्याची खात्री असते. सुरुवातीला घडतं नेमकं उलटं. गाडी सरळ रस्त्यावरही डुलते, वळणावर व्हील किती फिरवायचं याचा अंदाज येत नाही, आणि कंट्रोलरवर सहज जमणारा वेग कुठल्या कुठे जातो. कारण सरळ आहे. कंट्रोलरवर गेम तुम्हाला गुपचूप मदत करत असतो. अंगठ्याने स्टिक एका झटक्यात टोकाला नेलीत तरी तो गाडीची चाकं वेगाचा अंदाज घेऊन मोजून-मापूनच वळवतो. व्हील जोडलं की ही मदत संपते आणि तुम्ही हाताने जे कराल तेच गाडी करते. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या वेळांकडे बघून व्हील परत करायला निघू नका. ज्यांनी ज्यांनी मला सुरुवातीला काय करू म्हणून विचारलं, त्या सगळ्यांना मी एकच सांगत आलोय: व्हील वेगासाठी घ्यायचं नाही, गाडी काय करतेय ते कळावं म्हणून घ्यायचं. वेग त्यामागून येतो.

व्हीलमध्ये एक मोटर असते. गाडीच्या पुढच्या टायरवर या क्षणी किती बल येतंय याचं गणित गेम सेकंदाला शेकडो वेळा करतो आणि त्यातून स्टिअरिंगला जेवढा पीळ पडला असता तेवढा पीळ द्यायला मोटरला सांगतो. कंट्रोलरच्या थरथरण्याशी याची गल्लत करू नका. ती थरथर नुसती 'काहीतरी झालं' एवढंच सांगते. फोर्स फीडबॅकला, म्हणजे मोटरच्या या पिळाला, दिशा असते आणि जोर असतो.

मोटरचा जोर हातापर्यंत पोचवायच्या तीन तऱ्हा आहेत. 2015 साली आलेल्या लॉजिटेक जी29 सारख्या व्हीलमध्ये गिअर असतात. ती दणकट असतात, वर्षानुवर्षं चालतात, पण जोर साधारण दोन न्यूटन मीटरच्या (पीळ मोजायचं एकक) आसपास आणि दिशा बदलताना दातांची खडखड जाणवते. थ्रस्टमास्टर टी300 मध्ये पट्टा आहे, त्यामुळे फिरणं मऊ, पण बारीक धक्के पट्ट्यातच थोडे विरतात. तिसरी तऱ्हा डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच व्हील बसवलेलं, मध्ये काहीच नाही. पूर्वी ही चैन होती. 2021 मध्ये फॅनाटेकचं सीएसएल डीडी आलं आणि ती बरीच आवाक्यात आली. त्याचा जोर पाच न्यूटन मीटर, मोठा पॉवर सप्लाय लावला तर आठ. सिम्यूक्यूब 2 अल्टिमेट 32 पर्यंत जातं, पण नवख्या माणसाने त्या आकड्याच्या मोहात पडू नये. शिकण्यासाठी जी29 पुरेसं आहे. वापरलेलं मिळालं तरी हरकत नाही, फक्त घेताना ते टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवून बघा आणि ब्रेकचं पेडल दाबून आकडा स्क्रीनवर उड्या मारत नाही ना ते तपासा. एक गोष्ट मात्र पैसे मोजण्याआधी बघायचीच. प्लेस्टेशनसाठी बनवलेलं व्हील एक्सबॉक्सवर सहसा चालत नाही आणि उलटही नाही. जी29 आणि जी920 ही दिसायला भावंडं, पण एक प्लेस्टेशनचं, दुसरं एक्सबॉक्सचं. पीसीवर दोन्ही चालतात.

आता मुख्य मुद्दा: हाताला नेमकं कळायला काय हवं?

गाडी वळत असताना टायर जमिनीवर किंचित पिळला जातो आणि त्या पिळाचं बल चाकाला परत सरळ करू बघतं. शिवाय पुढची चाकं अशा कोनात बसवलेली असतात की ती आपसूक चालीच्या दिशेला वळतात, सामान वाहायच्या ट्रॉलीची चाकं ढकलाल तिकडे फिरतात तशी. ही दोन्ही बलं मिळून व्हील मधल्या जागी परत येऊ पाहतं. वळण जसं कसत जाल तसा हा विरोध वाढत जातो. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. गंमत पुढे आहे. टायरची पकड संपायच्या थोडं आधीच त्या पिळाचं बल ओसरायला लागतं. म्हणजे वळणात जड जड होत गेलेलं व्हील एकदम किंचित हलकं होतं, आणि ते हलकेपण म्हणजे पुढचे टायर आता हात टेकताहेत याची आगाऊ सूचना. नवखा माणूस इथे हमखास व्हील आणखी वळवतो, कारण गाडी वळत नाही असं त्याला दिसत असतं. वळवून काही होत नाही, टायर आणखी घासतो. करायचं ते उलट: व्हील केसभर मागे सोडायचं, वेग थोडा उतरू द्यायचा, की हाताला परत वजन येतं.

हे शिकायला मला इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच या ट्रॅकइतकी चांगली जागा दुसरी माहीत नाही. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या गेममध्ये ती आहे. पहिलंच वळण पॅडॉक हिल, उजवीकडे. वळायला सुरुवात करता तेव्हा पुढचा उतार नीट दिसतही नाही. उतार लागताच गाडीचा भार टायरवरून उचलला जातो आणि व्हील हातात हलकं पडतं. इथे घाबरून जास्त वळवलंत तर तळाशी पोचल्यावर शिक्षा ठरलेली, कारण तिथे गाडी दबते, टायरवर एकदम भार येतो, व्हील जड होतं आणि मघाशी जास्तीचं वळवलेलं सगळं एका क्षणात लागू पडून मागचा भाग सुटतो. तिथून चढ चढून ड्रुइड्स, हेअरपिन म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण. इथे बहुतेक जण जास्त वेगाने शिरतात आणि व्हील हलकं होण्याचा अनुभव अगदी पुस्तकात दाखवावा तसा मिळतो. ही दोन वळणं आवाज बंद करून, फक्त हाताकडे लक्ष देऊन फिरा. वेळ बघू नका.

मागचे टायर सुटतात तेव्हाची गोष्ट वेगळी. खऱ्या गाडीत ते आधी बैठकीला कळतं. घरातली खुर्ची काही सांगत नाही, त्यामुळे इथे सगळी भिस्त व्हीलवर. मागचा भाग बाहेर गेला की पुढची चाकं आपोआप गाडी ज्या दिशेला चाललीय तिकडे वळू बघतात, म्हणजे व्हील स्वतःच उलट्या दिशेला फिरायला लागतं. त्याला फिरू द्यायचं. मूठ घट्ट आवळून बसलात तर तुम्ही त्याला अडवताय. पकड सैल करून व्हील हातातून सरकू द्या, जोर ओसरला की धरा. आणि मग, याकडे फार थोडे जण लक्ष देतात, टायरला पकड परत मिळते त्या क्षणी व्हील तितक्याच चपळाईने सरळ आणा. नाहीतर गाडी दुसऱ्या बाजूला असा हिसका देते की तो पहिल्यापेक्षा वाईट.

सेटिंगबद्दल इंटरनेटवर आकड्यांचा पूर आहे. दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेण्यापेक्षा कोणतं सेटिंग काय करतं ते समजून घ्या. सगळ्यात आधी ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधली सेंटरिंग स्प्रिंग बंद करा. ती गाडीशी काही संबंध नसताना व्हील मध्यभागी ओढत बसते, आणि खरी माहिती तिच्याखाली गाडली जाते.

त्यानंतर क्लिपिंग, म्हणजे जोराचा वरचा भाग कापला जाणं. समजा तुमच्या व्हीलला शंभर टक्क्यांच्या वर जोर देता येत नाही, आणि गेम एका वळणात एकशे दहा मागतो, दुसऱ्यात एकशे चाळीस. हाताला दोन्ही सारखेच लागतात. टायर हलका होतोय ही मघाची सूचना त्या सपाटीत नाहीशी होते. असेटो कोर्सात पेडलच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची एक पट्टी दिसते, ती सतत लाल होत असेल तर गेममधला गेन, म्हणजे गेम व्हीलकडे किती जोर मागतो ते सेटिंग, कमी करा. कधीमधी एखाद्या कर्बवर (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) लाल झाली तर चालतं. आय-रेसिंग या गेममध्ये थोडं फिरून झाल्यावर 'ऑटो' नावाचं बटण हेच काम करून देतं. इथे एक घोळ नेहमी होतो: गेममधला गेन आणि व्हीलच्या सॉफ्टवेअरमधली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेममधला गेन ठरवतो की माहिती कापली जाईल की नाही. व्हीलची ताकद ठरवते की तीच माहिती हाताला जड लागेल की हलकी. डायरेक्ट ड्राइव्हवर हात दुखायला लागले तर दुसरी कमी करा, पहिल्याला हात लावायची गरज नाही. लहान गिअरच्या व्हीलवर मात्र उलट दुखणं असतं. सगळी ताकद लावूनही व्हील हलकं वाटतं म्हणून लोक गेन वाढवत नेतात, आणि मग सगळी वळणं एकसारखी जड लागतात. जड व्हील म्हणजे वास्तव, हा समज डोक्यातून काढून टाका.

गिअर आणि पट्ट्याच्या व्हीलमध्ये मध्यभागी थोडी मेलेली जागा असते, कारण आतल्या घर्षणावर मात करण्याइतकाही जोर छोट्या इशाऱ्यांत नसतो. 'मिनिमम फोर्स' थोडा वाढवला की ती जागा भरते. डायरेक्ट ड्राइव्हवर तो शून्य ठेवा. डॅम्पिंगचा, म्हणजे व्हीलच्या हालचालीला विरोध करणाऱ्या सेटिंगचा, उपयोग सरळ रस्त्यावर व्हील स्वतःच डावी-उजवी हेलकावे खातं तेव्हा. गेमने दिलेला इशारा आणि मोटरची हालचाल यांत क्षणभराचं अंतर पडतं, त्यातून ते हेलकावे येतात. हात लावला की बहुधा थांबतात. तरी नाही थांबले तर थोडं डॅम्पिंग द्या, पण थोडंच, कारण ते बारीक तपशीलही बुजवतं.

व्हील किती अंश फिरावं? सॉफ्टवेअरमध्ये 900 ठेवा आणि बाकी गेमवर सोडा. चांगला गेम गाडीनुसार मर्यादा स्वतः घालतो: फॉर्म्युला वनची गाडी साधारण 360 अंशांत भागवते, रोजच्या वापरातल्या गाडीला 900 लागतात. मोठ्या कोनाला कंटाळून 270 वर आणून ठेवणारे बघितलेत मी. त्यांची गाडी शिंकेलाही वळते.

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. खुर्चीला चाकं असतील तर ती अडवा, कारण जोराने ब्रेक दाबलात की पेडल जागेवर राहतं आणि तुम्ही मागे जाता. टेबल हलत असेल तर मोटरचा निम्मा तपशील टेबलच खातं. गिअरची व्हील चालू करताच स्वतःहून टोकापासून टोकापर्यंत फिरून आपला मध्य शोधतात, त्या वेळी त्यांना धरू नका. ताकदवान व्हीलवर भिंतीला धडक बसणार हे दिसलं की हात सोडून द्यायचे. खरे रेसिंग ड्रायव्हरही हेच करतात. अंगठे दांड्यांच्या आत अडकवून ठेवायची सवय तर पहिल्या दिवसापासूनच लागू देऊ नका, मनगट आणि अंगठा दोन्ही जायबंदी होऊ शकतात.

'यातून खऱ्या रेसिंगमध्ये जाता येतं का?' हा प्रश्न येतोच. गेलेले आहेत. गेम खेळणाऱ्यांतून रेसिंग ड्रायव्हर निवडणारी निस्सान आणि प्लेस्टेशनची जीटी अकॅडमी ही स्पर्धा 2008 मध्ये सुरू झाली, पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ. 2011 चा विजेता यान मार्डनबरो आणि ओर्दोन्येझ हे दोघे 2013 मध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत एकाच गाडीत होते आणि एलएमपी2 या गाड्यांच्या वर्गात तिसरे आले. पण लाखोंनी खेळणाऱ्यांतून असे मोजकेच निघतात, आणि त्यांनाही निवडीनंतर खऱ्या ट्रॅकवर बरीच मेहनत करावी लागली. या आशेवर नोकरी सोडू नका, एवढंच.

सरावासाठी गाडी निवडताना नवखे थेट फॉर्म्युला किंवा जीटी3 (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसच्या गाड्या) वर उडी मारतात. जीटी3 मध्ये एबीएस (ब्रेक दाबताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारी) आहे, हवेचा दाब गाडीला जमिनीला चिकटवून ठेवतो, त्यामुळे चालवायला ती सोपी वाटते. पण पकड कशी सुटते हे ती उशिरा सांगते आणि सांगते तेव्हा वेळ उरलेला नसतो. माझदा एमएक्स-5 सारखी कमी ताकदीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. तिच्यात सगळं सावकाश घडतं आणि व्हीलमधून स्पष्ट कळतं. आय-रेसिंगही नव्या लोकांना याच गाडीवर बसवतं, ते उगाच नाही.

व्हील बदलावंसं वाटायला लागेल, लागतंच. त्याआधी पेडल बघा. स्वस्त संचातलं ब्रेकचं पेडल किती *सरकलं* ते मोजतं, लोड सेल असलेलं पेडल तुम्ही किती *जोर* दिला ते मोजतं. पायाला अंतर लक्षात ठेवणं अवघड जातं, जोर लक्षात राहतो, म्हणून त्याच खुणेवर तोच ब्रेक पुन्हा पुन्हा मारणं लोड सेलवर लवकर जमतं. लॅपच्या वेळेत जेवढा फरक यातून पडतो तेवढा दोन न्यूटन मीटरवरून आठवर जाऊन पडत नाही. व्हील त्यानंतर. ड्रुइड्सला ते हलकं झालेलं तुम्हाला विचार न करता कळायला लागलं, आणि गेन कमी करूनही छोटे कर्ब, डांबरातले सांधे हाताला लागत नाहीत अशी तक्रार खरोखर राहिली, की मग खुशाल डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. तेव्हाही सुरुवात निम्म्या ताकदीवर करा.