लेकरांना घेऊन नळदुर्गचा नर-मादी धबधबा

नळदुर्ग म्हणजे सोलापूर-हैदराबाद हायवेवरच, सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटर. जायच्या आधी एकच चौकशी करायची, वरचं बोरी धरण भरलंय का, कारण सांडव्यावरून पाणी सुटल्याशिवाय नर-मादी काही पडत नाहीत आणि नुसता पाऊस झाला म्हणून गाडी काढली तर कोरडी भिंत बघून परत यावं लागतं. साधारण ऑगस्टच्या शेवटापासून चान्स चांगला.

किल्ल्यात आधी पाणीमहालाकडेच चला. ही खरी बघायची चीज, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ च्या सुमारास बोरी नदी अडवून बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढला, वरून दोन सांडव्यांतून नर आणि मादी कोसळतात अन् आपण आत खिडकीशी कोरडे उभे, समोरनं पाण्याचा पडदा! लेकरं हलायला तयार होत नाहीत. पायऱ्या मात्र अंधाऱ्या, ओल्या, शेवाळलेल्या, म्हणून चप्पल नको, ग्रिपवाले बूट घाला, लहान्याला कडेवर घेऊ नका, हात धरून भिंतीकडनं उतरवा. पाणी जास्त असलं अन् वॉचमननं अडवलं तर हुज्जत घालू नका.

मग उपळी बुरूज. पायऱ्या उंच हायेत, आजी-आजोबांना खालीच सावलीत बसवा. वर दोन लांबलचक तोफा, त्यातल्या एकीच्या तोंडाला मगरीचा जबडा, फोटो तिथंच काढा.

आत चालणं बरंच होतं, त्यामुळं पाणी अन् दशम्या-चटणी सोबत ठेवा. तुळजापूर जोडायचं असेल तर मंगळवार-शुक्रवार टाळा, लई गर्दी असते.